पुनर्निर्मिती आणि संरचना : ‘यू-नो’ या जपानी दृश्यकादंबरीचा विचार

एखादी कृती नव्या साधनांनी पुन्हा घडविली असता ती तीच राहते काय, हा प्रश्न भाषाभ्यासकास अपरिचित नाही. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात बुद्धिबळाचा दृष्टान्त आहे. लाकडी मोहऱ्यांऐवजी हस्तिदंती मोहरी मांडली तरी खेळ बदलत नाही. मोहऱ्यांची संख्या कमीअधिक केली की त्याचे व्याकरणच बदलते. ही कसोटी ‘यू-नो’ या कृतीस लावून पाहण्यासारखी आहे.

दृश्यकादंबरी संगणकाच्या पडद्यावर, चित्रे व संगीत यांच्या साथीने वाचावयाची असते आणि वाचकाच्या निवडीनुसार तिचे कथानक वळण घेते. ‘यू-नो’ ही एल्फ या संस्थेने १९९६ मध्ये पीसी-९८ या जपानी संगणकासाठी काढली. लेखन हिरोयुकी कान्नो यांचे, तर संगीतात रयू उमेमोतो यांचा वाटा मोठा. मृत मानल्या गेलेल्या इतिहाससंशोधक पित्याकडून ताकुया आरिमा या नायकास एक यंत्र व काही रत्ने मिळतात आणि त्यांच्या बळावर तो समांतर जगांत संचार करतो.

या प्रकारच्या बहुतेक कृतींत कथेचे फाटे वाचकापासून लपलेले असतात. येथे त्यांचा नकाशाच समोर मांडलेला आहे. एखाद्या क्षणी रत्न ठेवले तर पुढे तेथे परतता येते, आणि परतताच ते रत्न पुन्हा हाती येते. रत्ने मोजकीच असल्याने ती कोठे ठेवावी याचा विचार करावा लागतो. शिवाय एका शाखेत सापडलेली वस्तू दुसऱ्या शाखेतील अडसर दूर करते. वाक्यातील पदाप्रमाणे प्रत्येक शाखेस अर्थ येतो तो इतर शाखांशी असलेल्या संबंधातून. हेच या कृतीचे व्याकरण होय.

मेजिस या संस्थेची पुनर्निर्मिती जपानात २०१७ मध्ये आली. तीत चित्रे नव्याने काढली गेली, पात्रांना आवाज मिळाले, मूळची उघड शृंगारदृश्ये गळली. नकाशा व रत्ने मात्र कायम राहिली. येथवर हा बदल मोहऱ्यांच्या द्रव्याचा म्हणता येईल. परंतु मूळ कृतीत वाचकास चित्रावर दर्शक फिरवून उपयुक्त जागा स्वतः हुडकावी लागे. नव्या आवृत्तीत अशा जागांवर खुणाच दिलेल्या आहेत. शोधाच्या या कथेत शोधण्याची क्रियाच उणावली. हा फरक मोहऱ्यांच्या संख्येतील आहे, आणि तो चित्रांतील बदलाइतका चटकन डोळ्यांत भरत नाही.

कान्नो आणि उमेमोतो हे दोघेही २०११ मध्येच निवर्तले. त्यामुळे नव्या पाठास मूळ कर्त्यांची संमती वा हरकत संभवत नाही. पीसी-९८ चे उत्पादनही केव्हाच थांबले, आणि २०१९ मध्ये निघालेला अधिकृत इंग्रजी अनुवाद पुनर्निर्मितीचाच आहे. म्हणजे यापुढे बहुसंख्य वाचकांना हा उत्तरकालीन पाठच मूळ पाठ म्हणून भेटणार. हस्तलिखितांच्या बाबतीत हा धोका पाठचिकित्सेने फार पूर्वी ओळखला. पडद्यावरील ग्रंथांसही तीच दक्षता हवी. तीत केवळ शब्द व चित्रे यांचेच नव्हे, तर वाचकास करावयास लावलेल्या कृतींचेही पाठभेद नोंदवावे लागतील.