पडद्यावरील विमान

रेडिओ-नियंत्रित छोटे विमान जमिनीवरील चालकाकडे तोंड करून येऊ लागले, की त्याची डावी बाजू चालकाच्या उजवीकडे येते. नवशिक्याचा हात नेमका येथेच चुकतो आणि अनेक दिवसांच्या श्रमाने बांधलेले विमान क्षणार्धात जमिनीवर आदळते. यास्तव हातातील प्रेषक संगणकाला जोडून प्रथम पडद्यावर सराव करतात. पुष्कळ प्रेषकांतून प्रत्येक दांडीची स्थिती विद्युत्-स्पंदांच्या रूपाने तारेवाटे बाहेर आणता येते. दांडी मध्यावर असता दोन स्पंदांतील अंतर सुमारे १.५ मिलिसेकंद असते. एका टोकास ते सुमारे १, तर दुसऱ्या टोकास २ होते. जोडतारेतील लहानसे मंडल ही अंतरे मोजून संगणकास कळविते. आरंभी प्रत्येक दांडी दोन्ही टोकांपर्यंत नेऊन तिच्या मर्यादा संगणकात नोंदवाव्या लागतात. मग पडद्यावरील विमान कितीही वेळा कोसळो, हानी काहीच नाही. हाताला मात्र योग्य वळण लागते.