हेही फसलं तर?

अकलूजहून पुण्याला तपासण्या करून आलेली एखादी ताई घरात पाऊल टाकते. हातात रिपोर्टांची फाइल, ऑपरेशनची तारीख ठरलेली. शेजारची म्हणते, ‘गडकरींनी पण केलं होतं की.’ नणंद म्हणते, ‘ती इजिप्तची बाई मुंबईत आली होती, ती गेली ना पुढे?’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. इमान अहमद फेब्रुवारी २०१७ मध्ये विमानाने मुंबईत आल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत वारल्या. त्यांचं वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचं सांगितलं जात होतं, आधी पक्षाघात होऊन गेला होता आणि कित्येक वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या उदाहरणावरून ११० किलोच्या, चालत्याफिरत्या ताईचं भविष्य सांगता येत नाही.

ताईला मरणाची भीती वाटतेच. पण रात्री झोप उडवते ती दुसरी भीती. जी.एम. डाएट झालं, सकाळी लिंबू-मध झालं, संध्याकाळचं जेवण बंद करून झालं, प्रत्येक वेळी वजन उतरलं आणि परत चढलं. आता पोटच कापून घ्यायचं, घरच्यांचे पैसे घालायचे, आणि हेही फसलं तर?

ही भीती वेडगळ नाही. ती अनुभवातून आलेली आहे. म्हणून आधी तो अनुभव नीट तपासायला हवा.

डाएट केल्यावर वजन परत का येतं? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५० जाड माणसांना त्यांनी १० आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं. त्याबरोबर भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं कमी झाली. वर्षभरानंतर पुन्हा रक्त तपासलं तेव्हाही हा बदल बराचसा टिकून होता. वजन घटलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं आणि ते गेलेले किलो परत मिळवायच्या मागे लागतं. ताईने आजवर ज्याला ‘माझा जिभेवर ताबा नाही’ असं नाव दिलं, त्यात या रासायनिक ओढीचा वाटा मोठा होता. मला हे वाक्य ऑपरेशनच्या संमतिपत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुणीतरी तिला मोठ्याने सांगायला हवं.

शस्त्रक्रिया नेमकी याच ओढीवर काम करते. स्लीव्ह या प्रकारात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन सर्वांत जास्त तयार होतं, आणि तोच भाग निघून जातो. बायपासमध्ये जठराचा अगदी लहान कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न तिथे लवकर पोहोचतं, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं लवकर आणि जास्त स्रवतात. म्हणजे डाएटमध्ये वजन घटताना भूक वाढत होती, तर इथे वजन घटताना, निदान सुरुवातीचा मोठा काळ, भूक कमी असते. म्हणून जुन्या डाएटांच्या अपयशावरून या शस्त्रक्रियेचा अंदाज बांधणं चूक आहे.

आता ‘फसणं’ म्हणजे काय, तेही मोजून पाहू. बहुतेकांच्या मनातला हिशोब इथेच चुकतो. समजा ताईची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो आहे. तिच्या उंचीला बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २५ धरला तर वजन येतं ६४ किलो, म्हणजे जादा वजन ४६ किलो. डॉक्टरांच्या जुन्या, रूढ मोजमापानुसार या जादा वजनातलं निम्म्याहून अधिक गेलं तर शस्त्रक्रिया यशस्वी. त्यातलं ६० टक्के गेलं असं धरलं तर ताई येते साधारण ८२ किलोवर. डॉक्टर तिची पाठ थोपटतील. आणि ताईच्या मनात लग्नाच्या फोटोतलं ५८ किलोचं वजन असेल तर तीच ताई आरशासमोर रडेल. शरीर तेच, काटा तोच, फक्त मोजपट्टी वेगळी. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला विचारायचं, ‘माझ्यासारखीचं वजन दोन वर्षांनी साधारण किती असतं?’ आणि तो आकडा वहीत लिहून ठेवायचा.

दुसरा आकडा त्याहून दिलासा देणारा आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या हजारो लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. शस्त्रक्रिया न केलेल्या गटाचं वजन तेवढ्या काळात जवळपास जागच्या जागी राहिलं. आपल्या ताईच्या भाषेत सांगायचं तर ११० वरून ७५, आणि मग हळूहळू ८२. हे मधले सात किलो परत आले की बहुतेक बायका म्हणतात, झालं, माझ्या नशिबात नाही. खरं तर ती त्या वाटेवरची ठरलेली चढण आहे. शिवाय त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. त्यामुळे काटा थोडा वर सरकला म्हणून सगळंच वाया गेलं, असं होत नाही.

मरणाच्या भीतीलाही आकड्यानेच उत्तर द्यावं. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या ३० दिवसांत दगावलेले होते हजारी तीन. धोका शून्य नाही, आणि ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांना तो जास्त असतो. आपला धोका किती, हे भूलतज्ज्ञाला समोर बसवून विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

इतकं कळूनही छातीत धडधडत असेल तर काय करायचं? कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठीत आणली, ती इथे कामाला येते. तिचं म्हणणं असं, की घटनेपेक्षा घटनेकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन आपल्याला जास्त छळतो. वहीच्या पानावर तीन ओळी लिहा. घटना: १२ तारखेला ऑपरेशन. मनातलं वाक्य: ‘वजन ६० वर आलंच पाहिजे, नाहीतर मी कायमची वाया गेले.’ परिणाम: झोप नाही, फ्रिज उघडून उभी. आता मधल्या वाक्यातला ‘च’ शोधा. त्या जागी असं लिहा: ‘वजन उतरावं असं मला फार फार वाटतं. हवं तेवढं उतरलं नाही तर वाईट वाटेल, पण माझी साखर, माझे गुडघे, माझी झोप सुधारली तर तोही फायदाच आहे.’ हे एकदा लिहून भागत नाही. रोज लिहावं लागतं, स्वतःशी मोठ्याने बोलावं लागतं. भीती पूर्ण जात नाही, पण हाताळता येईल इतकी लहान होते.

भीतीचं एक रूप ताटात दिसतं. ‘आता परत कधी मिळणार’ म्हणून तारीख जवळ आली की मिसळ, भजी, बासुंदी यांचे निरोप समारंभ सुरू होतात. ऑपरेशनआधीच्या नेमक्या त्याच दोन आठवड्यांत डॉक्टर कमी पिष्टमय आहार देतात. लिव्हर चरबीने फुगलेलं असतं आणि जठराच्या वर आडवं येतं, ते आकसावं म्हणून हा आहार. तुमच्या निर्धाराची ती परीक्षा नाही. त्यात एखादा दिवस घसरलात तर डॉक्टरांना सांगा. लपवलेलं खाणं ऑपरेशन टेबलावर अडचण होतं, सांगितलेलं खाणं होत नाही. आणि निरोपाचं म्हणाल तर भाकरी साधारण दीड-दोन महिन्यांत परत ताटात येते, फक्त चतकोर. आधी ताक, गाळलेलं मुगाचं कढण, अळणी सूप, मग मऊ वरण, अंडं, पनीर, असा क्रम असतो. बायपास झालेल्यांनी रसवंतीवरचा उसाचा रस मात्र विसरावा. एवढी साखर एकदम आतड्यात उतरली की घाम फुटतो, धडधडतं, जुलाब होतात.

अकलूज उसाचं गाव, म्हणून एक गोष्ट इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तोडणी झाली म्हणजे काम संपलं असं शेतकरी म्हणत नाही. बुडखे छाटायचे, पाचट ठेवायचं, खत द्यायचं, तेव्हा खोडवा येतो. शस्त्रक्रियेनंतरची पहिली दोन वर्षं अशीच असतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, जेवताना पाणी नाही, आयुष्यभर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, ठरलेल्या रक्ततपासण्या. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला काटा काही दिवस हलत नाही. तीन ते सहा महिन्यांच्या मधे केस गळतात, आणि बहुतेकांचे परत येतात. या दोन्ही वेळी ‘फसलं’ हा शब्द मनात येणार, हे आधीच माहीत असलेलं बरं.

गावापासून पुणं काही तासांवर आहे, हे अंतर भीतीत भर घालतं. ते कमी करायचा उपाय साधा आहे. अकलूजमधल्या एका फिजिशियनना ऑपरेशनआधीच भेटून ठेवा, फाइलची एक प्रत त्यांच्याकडे द्या, सर्जनच्या टीमचा रात्रीचा नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. घरी आल्यावर नाडी जलद चालली, ताप आला, पोट किंवा खांदा जोरात दुखू लागला, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा तेही कळवा.

पैशाची भीती खरी आहे. आरोग्यविम्यातून खर्च मिळण्यासाठी सर्वसाधारण अट बी.एम.आय. ४० ची, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह अशी असते. आपली ताई ४३ वर आहे. तारीख घेण्याआधी विमा कंपनीचं लेखी उत्तर घ्या.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट असते, तिलाही लोक घाबरतात, जणू तिथे नापास होणार. तिथे खरं सांगा. रात्री लपून खाता का, दारू किती, उदास किती दिवस. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, म्हणून ते विचारतात. भेट मिळेपर्यंत मन फार बिघडलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि तीन महिने पुढे ढकलावंसं वाटलं तर तेही सांगा. तयारीसाठी घेतलेला वेळ हे अपयश नव्हे.

वहीत सर्जनसाठी शेवटचा एक प्रश्न लिहा: ‘पाच वर्षांनी माझं वजन वाढलं आणि मी लाजत तुमच्याकडे आले, तर तुम्ही काय कराल?’ चांगली टीम सांगेल, रागावणार नाही. आधी खाणं आणि तपासण्या पाहू, मग गरज असेल तर भारतातही आता मिळणारी आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया. उत्तर देताना त्यांचा आवाज कसा होता, तेही त्या प्रश्नाखाली लिहून ठेवा.