लेक्चर रेकॉर्ड करताना: काही समजुती आणि वस्तुस्थिती

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमपी नगरात, झोन-1 आणि झोन-2 मधल्या इमारतींवर कोचिंगच्या पाट्यांची दाटी आहे. जेईई, नीट, बँक, एमपीपीएससी. मुलताई, पांढुर्णा, सौंसर, बऱ्हाणपूर इकडची मराठी घरांतली मुलंही तयारीसाठी भोपाळला येतात. खोलीवर परतल्यावर उजळणी असते ती लॅपटॉपवरच्या ऑनलाइन लेक्चरची. रात्री वाय-फाय मंदावतं, सुट्टीत गावी गेलं की रेंज दगा देते. अशा वेळी लेक्चर रेकॉर्ड करून ठेवावं असं वाटणं अगदी रास्त आहे. मात्र त्याबद्दल मुलं एकमेकांना जे सांगतात, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

‘स्ट्रीमिंगमध्ये कॉम्प्युटरवर काही उतरत नाही, म्हणून रेकॉर्ड केलं की डेटा वाचतो.’ उतरतं, सगळं उतरतं. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्लेअर ते एकामागून एक मागवतो, दाखवतो आणि टाकून देतो. सेकंदाला 1 मेगाबिट वेगाचा तासभराचा व्हिडिओ सुमारे 450 एमबी खातो, तुम्ही रेकॉर्ड करा किंवा नुसता बघा. बचत होते ती दुसऱ्यांदा पाहताना.

‘रेकॉर्डिंग म्हणजे मूळ व्हिडिओची हुबेहूब प्रत.’ तसं नसतं. स्क्रीन रेकॉर्डर पडद्यावरचं चित्र टिपतो आणि नव्याने दाबून लहान करतो, त्यामुळे फळ्यावरचे घातांक आणि रसायनांच्या सूत्रांतले बारीक आकडे सर्वांत आधी पुसट होतात. तासाच्या लेक्चरला तासच लागतो आणि मध्ये व्हिडिओ अडकला तर गोल फिरणारं चक्रही त्यात येतं. आणखी एक खबरदारी घ्या. एमपी4 फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. मध्येच लाईट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, तर अख्खी फाइल उघडत नाही. ओबीएस स्टुडिओसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये एमकेव्ही निवडलं, तर तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग हाती राहतं आणि नंतर त्याच प्रोग्रॅममध्ये एमपी4 करता येतं.

सर्वांत जास्त गोंधळ काळ्या पडद्याचा. आवाज येतो, चित्र मात्र काळं. ‘ग्राफिक्स कार्ड गेलं’ असं समजून मुलं लॅपटॉप दुरुस्तीला नेतात. कृपा करून त्यात पैसे घालू नका, लॅपटॉप बहुधा ठणठणीत असतो. अनेक सशुल्क सेवा व्हिडिओला कुलूप लावून पाठवतात. गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी, ॲपलचं फेअरप्ले ही त्या कुलपांची नावं. कुलूप उघडतं ते कॉम्प्युटरच्या संरक्षित भागात आणि चित्र तिथून थेट पडद्याकडे जातं, त्यामुळे रेकॉर्डरच्या हाती काही लागत नाही. ते ‘फोडून देणारे’ म्हणून फिरणारे फुकट प्रोग्रॅम तर अजिबात घेऊ नयेत. त्यांतून व्हायरस आणि पासवर्डची चोरी घरात येते.

‘ॲपमध्ये डाउनलोड केलं म्हणजे व्हिडिओ आपला झाला,’ हीही समजूत खोटी. ती फाइल कुलूपबंदच राहते. सदस्यत्व संपलं की ती चालत नाही. कंपनी सोयही काढून घेऊ शकते: नेटफ्लिक्सने 2024 मध्ये विंडोजच्या नव्या ॲपमधून डाउनलोड वगळलं.

आता कायदा. इथे दोन टोकं आहेत. एक म्हणतो, पैसे भरलेत, काहीही करीन. दुसरा म्हणतो, रेकॉर्डचं बटण दाबलं की गुन्हा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खाजगी वापरासाठी, संशोधनासाठी रास्त वापराला जागा आहे. पण 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिवाय कोर्स घेताना ज्या अटी मान्य केल्या, त्या वेगळ्या लागू असतात. अमेरिकेत 1984 मध्ये बीटामॅक्स खटल्यात, घरी टीव्ही कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी रेकॉर्ड करण्याला मुभा मिळाली. तो निकाल भोपाळमध्ये ढाल म्हणून चालत नाही.

खरी हानी होते ती रेकॉर्डिंग वाटल्याने. ‘टेलिग्रामवर टाकलं तर कोण ओळखणार?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयातलं प्रकरण वाचावं. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंह यांची लेक्चर्स आणि पुस्तकं टेलिग्रामच्या चॅनलांवर विनापरवाना फिरत होती. 30 ऑगस्ट 2022 रोजी न्यायालयाने टेलिग्रामला ती चॅनलं चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक, आयपी पत्ते, ईमेल सादर करायला सांगितले. आपले सर्व्हर सिंगापूरला आहेत, हा कंपनीचा बचाव टिकला नाही. काही कोचिंग ॲप्स तर व्हिडिओवर विद्यार्थ्याचा फोन नंबर फिरता ठेवतात. मित्राला दिलेली क्लिप कुणाकडून बाहेर पडली, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं.

रेकॉर्डिंगची गरजच पडू नये, अशी सोयही आहे आणि ती फार थोड्या मुलांना माहीत असते, याची मला खंत वाटते. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर लेक्चर्स डाउनलोड करता येतात, तेही फुकट. ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून येतात, त्यांना इंटरनेट लागतच नाही. पांढुर्ण्याच्या घरी छतावर डीडी फ्री डिश असेल तर तिथेही त्या दिसतात. खाजगी कोर्स घ्यायचा असेल, तर फी भरण्याआधी काउंटरवर तीन गोष्टी विचारून घ्या: लेक्चर लॅपटॉपवर डाउनलोड होतं का की फक्त मोबाइलवर, इंटरनेटशिवाय किती दिवस चालतं आणि परीक्षा पुढे गेली तर मुदत वाढते का. उत्तर पावतीवर किंवा ईमेलवर लिहून घ्या.