अंगावर कोरलेली कला आणि दुबईचे दार



2020 साली इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात करार झाला, आणि जे शहर आपण फक्त विमानाच्या नकाशात पाहत होतो तिथे आता आपली मुले-नातवंडे सहज जाऊन येतात. कोणी फिरायला जातो, कोणी नोकरीसाठी, तर कोणी मुंबईला जाताना वाटेत दोन दिवस उतरतो. अशा वेळी घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो. सैन्यातून सुटलेल्या नातवाच्या दंडावर मोठे गोंदण आहे, नातीच्या भुवईत कडी आहे. तिथे त्यांना आत घेतील का?

उत्तर साधे आहे. गोंदण असलेले प्रवासी दुबईत रोज उतरतात आणि रोज आत जातात. बाजारात किंवा सरकारी कचेरीत अंग झाकेल असे कपडे घालावेत, इतकेच पाहिले जाते. पण एका माणसाला मात्र तिथून परत पाठवले गेले. त्याची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती केवळ दुबईची नाही. तोच प्रश्न आज आपल्याही घराच्या दाराशी येऊन उभा आहे.

त्या माणसाचे नाव रोल्फ बुखहोल्ट्स. तो जर्मनीतील डॉर्टमुंड शहरचा, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा. वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याने एकाच दिवशी पहिले गोंदण करून घेतले आणि पहिले टोचून घेतले. पुढे तो थांबलाच नाही. 2010 साली गिनेसच्या पुस्तकाने त्याच्या अंगावरील 453 टोचण्यांची नोंद केली. त्यांतील दीडशेहून अधिक एकट्या ओठांभोवती आहेत. कपाळावर कातडीखाली दोन छोटी शिंगे बसवलेली आहेत आणि उजव्या हाताच्या बोटांत लोहचुंबक आहेत. ऑगस्ट 2014 मध्ये दुबईतील एका हॉटेलच्या क्लबात लोकांसमोर येण्यासाठी तो निघाला. विमानतळावर त्याला अडवले गेले आणि इस्तंबूलच्या विमानात बसवून परत पाठवले गेले. अधिकाऱ्यांनी कारण सांगितले नाही. तुझी काळी जादू असावी अशी शंका आली, असे आपल्या कानावर आल्याचे त्याने पुढे वर्तमानपत्रांना सांगितले. त्या देशात जादूटोणा हा कायद्याने गुन्हा आहे, हे इथे लक्षात ठेवावे.

आता कोणी विचारील, शहाण्यासुरत्या माणसाने हे करावेच का? आपल्यातील पुष्कळांचे उत्तर तयार असते: वेड, दुसरे काय! पण या वेडामागे एक विचार आहे. तो पटो न पटो, तो काय आहे हे माहीत असावे.

चित्रकार कागदावर काढतो, मूर्तिकार दगडावर. काही कलाकारांचे म्हणणे असे की माझ्या जन्मापासून माझ्याजवळ असलेली, माझी स्वतःची अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे माझे शरीर; मग तोच माझा दगड का नसावा? फ्रान्समधील ओर्लां या कलावंत बाईने 1990 ते 1993 या काळात स्वतःवर एकामागून एक नऊ शस्त्रक्रिया करवून घेतल्या. ती पूर्ण बेशुद्ध होत नसे. शस्त्रक्रिया चालू असताना ती मोठ्याने वाचन करी आणि कॅमेरे सुरू असत. शेवटच्या खेपांपैकी एकीत, गाल भरण्यासाठी वापरतात ते तुकडे तिने भुवयांच्या वर बसवून घेतले. सुंदर चेहरा म्हणजे काय हे बायकांना आजवर दुसऱ्यांनी सांगितले, माझा चेहरा मी ठरवीन, असा तिचा रोख होता. ऑस्ट्रेलियातील स्टेलार्क हा कलाकार 1976 पासून सुमारे बारा वर्षे कातडीत आकडे अडकवून स्वतःला टांगून घेई. पुढे त्याने डाव्या हाताच्या पुढच्या भागावर कानाचा आकार बसवून घेतला. त्यात ध्वनिग्राहक घालण्याचा त्याचा बेत होता. पण जंतुसंसर्ग झाला आणि ते यंत्र काढावे लागले. मानवी शरीर आता जुने झाले आहे, यंत्राशी त्याची सांगड घालावी, असे तो म्हणतो.

आकड्याला टांगून घेणे हे ऐकून महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीला आश्चर्य वाटू नये. खंडोबाच्या जत्रेत पूर्वी नवस फेडणारा माणूस पाठीत गळ टोचून घेऊन उंच खांबावर फिरत असे. इंग्रजांच्या काळात सरकारने ते बंद पाडले. आज साताऱ्याकडील बावधनचे बगाड निघते तेव्हा नवसकऱ्याला दोरांनी बांधतात. गोंदण तर घरोघर होते. गोंदणारीण दारावर आली की शेजारच्या बायका हातावर तुळस, विंचू, ठिपके गोंदवून घेत. मेल्यावर दागिने इथेच राहतात, बरोबर येते ते गोंदणच, अशी त्यांची समजूत. पुरुषांच्या कानात भिकबाळी, बायकांच्या कानात बुगडी, नाकात नथ. आणि सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण तर शाळेत आपण सर्वांनीच वाक्यात उपयोग करून लिहिली आहे.

मग त्या गोंदणात आणि बुखहोल्ट्सच्या शिंगांत फरक काय? आमच्या मते फरक दुखण्याचा नाही, संख्येचाही नाही. ती विंचवाची नक्षी गावाने ठरवलेली होती. ती पाहताच पाहणाऱ्याला कळे की ही अमक्या गावची, अमक्या घरची, लग्न झालेली. खुणेची भाषा सर्वांना येत होती. आजचा कलाकार स्वतःची भाषा स्वतःच तयार करतो आणि ती फक्त त्यालाच येते. समोरचा ती आपल्या भाषेत वाचतो. डॉर्टमुंडच्या माणसाला शिंगे म्हणजे मौज वाटली. विमानतळावर त्यांचा अर्थ काही वेगळा लागला. कागदावरचे चित्र घरी ठेवून प्रवासाला निघता येते, अंगावरचे बरोबर घेऊनच निघावे लागते.

दुबईच्या लोकांना अंगावरची नक्षी आवडत नाही, असेही समजू नये. तिथे लग्नाच्या आधी मेंदीची रात्र असते, ईदला लहान मुलींचे हात रंगतात. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने मेंदीची प्रथा मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. त्यासाठी सोळा अरब देशांनी मिळून अर्ज केला होता आणि संयुक्त अरब अमिरात त्यांत होती. बेने इस्राएल वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या लग्नात मेंदीची रात्र अजून टिकून आहे, आणि इथल्या मोरोक्कोच्या व येमेनच्या शेजाऱ्यांकडेही ती आहे.

मग मेंदी चालते आणि गोंदण का चालत नाही? याचे उत्तर कातडीच्या रचनेत आहे. मेंदीच्या पाल्यातील रंगद्रव्य कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थराला धरते. तो थर आपोआप झडतो आणि दोन-तीन आठवड्यांत रंगही जातो. गोंदणाची सुई त्याच्या खालच्या जिवंत थरात शाई सोडते. शरीरातील रक्षक पेशी ती शाई गिळतात, पण त्यांना ती पचत नाही, म्हणून ती तिथेच राहते. इस्लामी शास्त्रकार बहुतेक सगळे मेंदीला मोकळीक देतात आणि गोंदण मना करतात. ईश्वराने घडवलेले रूप कायमचे बदलू नये, हा त्यामागील विचार आहे.

आता आपल्याकडे पाहू. वय्यिक्रा म्हणजे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनात, मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेण्यास आणि अंगावर कोरून लिहिण्यास मनाई आहे. ‘कतोवेत काअका’ असे शब्द तिथे आहेत. मिश्नेतील मक्कोत या भागात त्याचा खुलासा येतो: नुसते लिहिले किंवा नुसते कोरले तर तो अपराध पुरा होत नाही, कोरून त्यात न जाणारा रंग भरला तर होतो. म्हणजे मेंदी आणि गोंदण यांतील जी रेघ तिथे आहे तीच इथे आहे. मूर्तिपूजक लोक आपण देवाचे विकलेले दास आहोत हे दाखवण्यासाठी अशी खूण करीत, असे रंबाम सांगतात. त्याच रंबामचे नाव अबूधाबीतील नव्या सिनेगॉगला दिले आहे. 2023 साली उघडलेल्या अब्राहामी कुटुंब भवनात ते मशीद आणि चर्च यांच्या शेजारी उभे आहे. तिकडे जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

टोचण्याची गोष्ट वेगळी आहे. अब्राहामाच्या सेवकाने रिबकेला सोन्याची नथ दिली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उलट निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात, सुटका नको म्हणणाऱ्या दासाचा कान दाराशी नेऊन आरीने टोचण्याची आज्ञा आहे. एकाच टोचण्याने एकीकडे मान मिळतो आणि एकीकडे गुलामीची खूण होते. टोचणे आपल्या शास्त्राने सरसकट मना केलेले नाही, पण त्याला अर्थ नाही असेही म्हटलेले नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल स्पष्ट लिहिणे आम्हाला भाग आहे, कारण त्यापायी घराघरांत अश्रू वाहतात. गोंदण असलेल्याला यहुदी दफनभूमीत पुरत नाहीत, असे पुष्कळ आज्या नातवंडांना सांगतात, आणि स्वतःही त्या भीतीने झुरतात. हे खरे नाही. असा नियम आपल्या शास्त्रात कोठेही नाही. एक आज्ञा मोडणाऱ्याला जसे पुरतात तसेच यालाही पुरतात. ज्यांच्या अंगावर जबरदस्तीने खूण केली गेली त्यांच्यावर तर कसलाच दोष नाही. शुल्हान आरुखमध्ये तसे नमूद आहे. ऑशविट्झमध्ये ज्यांच्या हातावर आकडे गोंदवले गेले, ते लोक आपल्याच गावांत राहिले आणि आपल्याच दफनभूमीत विसावले.

त्या आकड्यांची आणखी एक गोष्ट आहे. आजोबा-आजीचा तोच आकडा काही नातवंडांनी स्वतःच्या हातावर गोंदवून घेतला. 2012 साली या देशात ‘आकडा घातलेले’ अशा अर्थाच्या नावाचा एक बोलपट निघाला, त्यात हे दाखवले आहे. काहींना तो मान वाटला, काहींना ते पाहवेना. आज्ञेच्या दृष्टीने ते मनाच आहे. पण त्या मुलांना तुम्ही वेडे म्हणू शकाल का? त्यांनी जे लिहिले त्यामागे प्रेम होते. म्हणूनच एखाद्याच्या अंगावर काही दिसले की आधी विचारावे, हे काय लिहिले आहेस?

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. कातडीखाली लोहचुंबक असेल तर एम. आर. आय. तपासणी धोक्याची ठरते. डॉक्टरांना आधीच सांगावे. काही गोंदणाच्या शाईत लोह असते, त्यामुळे त्या तपासणीत कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. सुई निर्जंतुक नसेल तर काविळीचे विषाणू रक्तात जातात. लेझरने गोंदण पुसता येते असे सांगतात, पण त्याला अनेक बैठका लागतात आणि पुष्कळदा डाग राहतोच. दुबईच्या बाजारात किंवा कोठेही ‘काळी मेंदी’ म्हणून जी झटकन रंगते ती टाळावी. तिच्यात केस काळे करण्याचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने फोड येऊन कायमचे व्रण उठू शकतात. खरी मेंदी काळी नसते.

नातवंडांना आम्ही इतकेच सांगू: अंग तुमचे आहे, पण ते वाचणारे डोळे जगाचे आहेत. जे लिहाल ते सत्तराव्या वर्षीही वाचायला लाज वाटणार नाही, असे असावे. आणि आपल्या तोरेत त्याबद्दल काय म्हटले आहे ते समजून घेऊन मग ठरवावे. आणि आमच्या पिढीला सांगू: आज्ञा काय आहे ते मुलांना जरूर सांगा, पण खोटी भीती घालू नका. दुबईच्या विमानतळाला परक्या माणसाला कारण न सांगता परत पाठवता येते. घराला तसे करता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी दंडावर गोंदण घेऊन नातू दाराशी आला, तर त्याला आत घ्या, शब्बाथच्या टेबलाशी बसवा, आणि किद्दुशचा पेला त्याच्याच हातात द्या.