संगणकाचे घड्याळ आणि चंद्रोदयाची वेळ



एका संकष्टीस कार्यालयातील संगणकाने चंद्रोदयाची वेळ छापील पंचांगापेक्षा अर्धा तास अगोदरची दाखविली. संगणकाचे घड्याळ मात्र अचूक होते. फलकावर सूचना लावण्यापूर्वी पंचांग पडताळले, म्हणून दिवसभराचा उपवास केलेल्या भाविकांस चंद्राची वाट पाहत तिष्ठावे लागले नाही. दोष निघाला 'टाइम झोन'चा. ही अडचण घरोघरी येऊ शकते, म्हणून हे विवेचन.

संगणक जागतिक वेळेत आपण निवडलेल्या टाइम झोनचे तास-मिनिटे मिळवून घड्याळ दाखवितो. भारतासाठी हा आकडा ५ तास ३० मिनिटे आहे. तो मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरला व १९०६ पासून प्रमाणवेळ म्हणून लागू झाला. सुरत त्या रेखांशाच्या सुमारे पावणेदहा अंश पश्चिमेस असल्याने, दर अंशास ४ मिनिटे या हिशेबाने, येथील सूर्य सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. म्हणूनच पंचांगाच्या प्रोग्रामला गाव आणि टाइम झोन दोन्ही अचूक लागतात.

आमच्याकडे यादीतील शेजारची 'इस्लामाबाद, कराची' ही ओळ निवडली गेली होती. तिचा आकडा ५ तासांचा. घड्याळ अर्धा तास मागे दिसताच कोणीतरी काटे पुढे सरकविले. घड्याळ बरोबर दिसू लागले, पण प्रोग्रामचे गणित चुकीच्या आकड्यावरच चालू राहिले.

चूक कशी ओळखावी?
• घड्याळ अर्धा तास किंवा साडेपाच तास मागे, अथवा पाव तास पुढे (काठमांडू) : टाइम झोन चुकलेला.
• संगणक बंद करून सुरू करताच तारीखच जुनी दिसणे : आतील सेल संपलेला, तो बदलावा.
• छापील पंचांगाशी दोन-चार मिनिटांचा फरक : गाव बदलल्यामुळे स्वाभाविक.

दुरुस्ती कशी करावी?
१. विंडोजमध्ये खाली उजवीकडील वेळेवर माउसचे उजवे बटण दाबून तारीख-वेळेची सेटिंग्ज उघडावीत.
२. +०५:३० ची 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ निवडावी.
३. ती आपोआप बदलत असल्यास टाइम झोन स्वयंचलित ठरविण्याचा पर्याय बंद करावा.
४. त्यानंतरच इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यावी.
५. पंचांगाचा प्रोग्राम पुन्हा उघडून गाव सुरत असल्याची खात्री करावी व एका दिवसाची वेळ छापील पंचांगाशी ताडून पाहावी.

काट्यांना हात लावण्यापूर्वी टाइम झोन पाहावा, एवढे स्मरणात ठेवावे ही विनंती.

आपला नम्र,
सचिव