कडुनिंबाच्या तेलाची फवारणी : तेल व पाणी एकजीव का होत नाहीत?

कपाशीवरील मावा व तुडतुडे यांच्या बंदोबस्तासाठी पुष्कळ शेतकरी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करतात. काही ओळींत किडी जशाच्या तशा राहिल्या आणि काही झाडांची पाने मात्र करपली, असा अनुभव त्यांतील कित्येकांना येतो. दोष तेलाला दिला जातो. वास्तविक तो मिश्रणाचा असतो. तेल हलके असल्यामुळे टाकीत वर तरंगते आणि पंपाची नळी तळाजवळचा द्रव ओढते. त्यामुळे टाकीच्या आरंभी नुसते पाणी फवारले जाते व अखेरच्या झाडांवर जवळजवळ निव्वळ तेल पडते.

तेल व पाणी जेथे एकमेकांस भिडतात, त्या सीमेवर एक प्रकारचा ताण असतो. ताणलेल्या पडद्याप्रमाणे ही सीमा आपले क्षेत्र कमीत कमी राखू पाहते. तेलाचे बारीक थेंब करावेत तर सीमेचे क्षेत्र अनेक पटींनी वाढते. म्हणून ढवळणे थांबताच थेंब पुन्हा एकत्र येतात. रॉकेल व पाणी यांच्या सीमेवर हा ताण दर सेंटिमीटरला सुमारे ४५ ते ५० डाइन असतो. पुरेसा साबण विरघळवला म्हणजे तो थोड्याच डाइनांवर येतो. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाकडे व दुसरे पाण्याकडे राहते आणि प्रत्येक थेंबाभोवती त्याचे कवच बनते. अशा दुधाळ मिश्रणास पायस म्हणतात.

पंपाला जोराने हवा भरली की तेल आपोआप मिसळते, हा समज चुकीचा आहे. द्रव दाबाने फारसे आकुंचित होत नाहीत. शेकडो वातावरणांइतका दाब दिला तरी तेल-पाण्याच्या सीमेवरील ताणात अल्पसाच फरक पडतो. मग हातपंपाच्या तीन-चार वातावरणांची काय कथा! (खनिज तेलाच्या खोल विहिरीत दाबामुळे तेलात वायू विरघळतो, तेथील गोष्ट निराळी.) पंपाचा दाब द्रवाला तोटीतून बाहेर फेकून त्याचे तुषार करतो. टाकीत वेगळे झालेले तेल तो एकजीव करीत नाही.

उष्णतेने ताण कमी होतो, पण बेताचाच. पाण्याचा हवेशी असलेला पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला ७२.८ डाइन, तर ६० अंशांना ६६.२ डाइन असतो. म्हणजे ४० अंश तापवूनही दहावा हिस्सासुद्धा घटत नाही. कोमट पाण्याचा खरा लाभ दुसराच. त्यात साबण लवकर विरघळतो आणि दाट तेल पातळ होते. हिवाळ्यात कडुनिंबाचे तेल थिजू लागते, तेव्हा हा लाभ विशेष जाणवतो.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १८८० नंतरच्या दशकात रिले व हबर्ड यांनी प्रचारात आणलेल्या रॉकेलच्या पायसात अर्धा पौंड साबण एक गॅलन उकळत्या पाण्यात विरघळवून, चुलीपासून दूर नेऊन, त्यात दोन गॅलन रॉकेल घालीत व साईसारखे दाट होईपर्यंत घुसळीत. फवारणीपूर्वी त्यात बरेच पाणी मिसळीत.

कडुनिंबाचे तेल मात्र विस्तवावर ठेवू नये, कारण त्यातील कीडनाशक द्रव्य उष्णतेने नाश पावते. थिजलेल्या तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवावी. थोड्या कोमट पाण्यात साबण विरघळवून, ढवळत ढवळत तेलाची बारीक धार सोडावी. मिश्रण दुधासारखे झाले की मगच उरलेले पाणी घालावे. तेलाची मात्रा पिकाच्या शिफारशीप्रमाणे घ्यावी.

विहिरीचे पाणी जड असेल तर त्यातील चुन्यामुळे साबणाचा साका होतो आणि सारी मेहनत फुकट जाते. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

टाकी भरण्यापूर्वी थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवावे. वर तेलाचा थर दिसल्यास ते पंपात घालू नये. साबण वाढवून पुन्हा घुसळावे. चांगले जमलेले पायसही काही वेळाने फुटू लागते, म्हणून फवारताना टाकी अधूनमधून हलवावी. प्रथम चार-दोन झाडांवर फवारून दोन दिवस पाने पाहावीत. फवारणी सायंकाळी करावी आणि उरलेले मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.