टायरची झीज काय सांगते?
ऊसवाहतुकीच्या ट्रेलरचा एक्सल आणि त्याची पारख

शरद ऋतू सरत आला की साखर कारखान्यांच्या आवारात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांतील रस्ते उसाने लादलेल्या ट्रेलरांनी गजबजू लागतात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. त्यानंतरच्या काळात ऊस फडातून गव्हाणीपर्यंत पोहोचविणे हा ग्रामीण अर्थकारणातील एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला. ट्रॅक्टरमागे एक किंवा दोन ट्रेलर जोडून हा व्यवसाय करणाऱ्यांपैकी अनेकांची वाहने कर्जाऊ घेतलेली व बँकेकडे नजरगहाण असतात. भाडे टनावर मिळते आणि कर्जाचा हप्ता हंगामाच्या उत्पन्नातून भरावयाचा असतो. अशा वेळी ऐन हंगामात टायर फुटून ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तर खोळंबा केवळ वाहनमालकाचा होत नाही. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही वेळेगणिक घटत जातात. टायरची सर्वसाधारण झीज विम्यातूनही भरून मिळत नाही.

टायर गुळगुळीत झाले की ते बदलावयाचे, एवढाच विचार बहुधा केला जातो. परंतु टायर कोठे झिजले, हा प्रश्न ते किती झिजले यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. नक्षी केवळ मध्यभागी गेली असेल तर हवा जास्त भरली जात आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे, किंवा तेवढ्या हवेला भार जास्त होतो आहे. या दोन्ही दोषांचे निवारण पंक्चरवाल्याच्या दुकानातच होते. खरी मेख आहे ती एकाच कडेच्या झिजेत.

ट्रेलरचा एक्सल हा पोलादाचा सलग दांडा असतो. त्याची दोन्ही टोके चाकांवर टेकलेली असतात आणि भार पाट्यांमार्फत त्याच्या मधल्या भागावर येतो. क्षमतेबाहेर मोळ्या रचल्या की हा दांडा मध्यभागी खाली वाकतो. टोके वर उचलली जातात आणि चाकांचे माथे आतल्या बाजूस कलतात. मग सारा भार टायरच्या आतल्या कडेवर येऊन तीच कड झपाट्याने घासली जाते. भार उतरल्यावर दांडा पूर्ववत होतो तोवर ठीक. पण वारंवारच्या अतिभाराने तो कायमचा वाकून राहतो. टनामागे मिळणाऱ्या भाड्याचा मोह येथे टायरच्या बिलात वळता होतो.

हे वाकणे तपासण्यास गवंड्याचा ओळंबा पुरतो. रिकामा ट्रेलर सपाट जागी उभा करून चारही टायरांत योग्य हवा भरावी आणि चाकाच्या बाहेरून ओळंबा सोडावा. दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मोजमाप रिमपाशीच घ्यावे, कारण टायर जमिनीजवळ फुगलेले असते व त्यामुळे फसगत होते. रिकाम्या ट्रेलरच्या रिमची वरची कड स्पष्टपणे आत झुकलेली दिसली, तर एक्सल वाकला आहे असे समजावे. असा एक्सल गॅसने तापवून घणाने सरळ करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ती स्वस्त खरी, पण तापविल्याने पोलादाची मूळ ताकद उणावते आणि पुढच्याच हंगामात तो पुन्हा वाकण्याचा संभव असतो. शक्य तेथे एक्सल बदलणेच हिताचे.

नक्षीवरून हात आडवा फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर दोष निराळा आहे. एकाच एक्सलवरची दोन चाके एकमेकांना समांतर धावत नाहीत. दगडावर किंवा खड्ड्यात आदळून एक्सलचे एक टोक मागे दबले म्हणजे असे होते. दोन चाकांच्या दिशांत अवघ्या एका अंशाचा फरक असला, तरी दर किलोमीटरला दोन्ही टायर मिळून सुमारे १७ मीटर आडवे फरफटले जातात. तपासण्यासाठी चाक जॅकवर उचलून फिरवीत नक्षीवर खिळ्याने बारीक रेघ ओढावी. दोन्ही चाकांवर अशी रेघ आखून, चाके खाली टेकवून, एक्सलच्या उंचीवर दोन रेघांमधील अंतर आधी पुढून व मग मागून मोजावे. दोन्ही मापे जवळजवळ सारखी यावयास हवीत.

एक्सल सरळ असूनही सांगाड्यावर तिरका बसलेला असू शकतो. यू-बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की तो एका बाजूने मागे सरकतो. मग ट्रेलर तिरकी चाल धरतो. मागील ट्रेलर रस्त्याची अधिक रुंदी व्यापतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याचा अंदाज येत नाही. चारचाकी ट्रेलरात ड्रॉबार सरळ ठेवून त्याच्या कडीपासून पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत, तसेच पुढच्या व मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना, दोरीने अंतर ताडून पाहावे. परदेशांत मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या निवासी ट्रेलरांत पुष्कळदा दोन एक्सल जवळजवळ बसविलेले असतात. तेथे हाच दोष टायरांच्या मुळावर येतो, कारण एक एक्सल दुसऱ्याला सतत आडवा ओढीत राहतो. आपल्याकडील तशा जोडएक्सलच्या ट्रेलरांनाही हे लागू आहे.

नक्षीवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर प्रथम बेअरिंग पाहावे. उचललेले चाक वरखाली धरून हलविले असता खुळखुळले, तर फडातील चिखलपाण्याने ग्रीस धुऊन नेले आहे.

एका कडेने झिजलेले टायर रिमवर उलटे चढवून हंगाम काढण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. तिने काही आठवडे मिळतात, पण दोषाची खूण पुसली जाते आणि उरलेली कडही त्याच वाटेने जाते. तेव्हा टायर उतरविण्यापूर्वी त्यावर खडूने चाकाची बाजू व आतली कड लिहून ठेवावी. एक्सल नीट करून घेतल्यावर यू-बोल्ट पहिल्या काही खेपांनंतर पुन्हा आवळावेत, कारण भाराखाली पाटे बसतात व बोल्ट ढिले पडतात. हे काम पावसाळ्यात, ट्रेलर रिकामे उभे असताना उरकावे. मोळीपूजनाच्या आठवड्यात गॅरेजवाल्याकडे उसंत नसते.